आगगाडीच्या एका दिव्याची ओळख

रत्नागिरीहून कोल्हापुरास जाणारा रस्ता हातखंब्यास मुंबई-गोवें हमरस्त्याला मिळतो, थोडा वेळ त्याच्या सोबतीनें चालतो, आणि पालीस त्याचा निरोप घेऊन नाणीज-साखरप्यावरून आंब्याच्या घाटाकडे वळतो. बल्लाळेश्वराची पाली ती ही नव्हे. ती रायगड जिल्ह्यांत. हा खुलासा आम्ही हौसेनें करीत नाहीं. आमचे एक होऊं घातलेले व्याही एकदां लग्नाच्या बोलण्यांसाठीं त्या पालीस गेले आणि दिवसभर तेथें आमचें घर शोधीत बसले. असो. सांगावयाचें तें इतकेंच कीं, हा तिठा जुना असला तरी लोखंडी रस्त्याशीं आमच्या गांवाचा संबंध नाहीं. मुंबईहून ठाण्यास आगगाडी पोंचली ती १८५३ सालीं. आणि कोंकण रेल्वेचा सलग मार्ग सर्वांस खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजीं. मधलीं जवळजवळ दीडशें वर्षें आमच्याकडील माणसें बोटीनें किंवा घाट चढून मुंबईस जात, जन्मभर रेल्वेची चाकरी करीत, आणि म्हातारपणीं अशा गांवीं परत येत कीं, जेथें गाडीची शिटी ऐकूं येण्याचा संभव नव्हता.

अशा गांवांतील आमच्या घराच्या माळ्यावर गेल्या वर्षीं कौलें चाळतांना, भाताच्या रिकाम्या कणगीमागें गोणपाटांत गुंडाळलेला एक जड दिवा सांपडला. पितळेचें रुंद कडें, त्याला बिजागरी, तिच्यावर उघडणारा जाड कांचेचा घुमट, वर पत्र्याचें टोपण, आणि आंत विजेच्या बत्तीचा होल्डर. होल्डरांत बत्तीही शाबूत होती. कडें चिंचेनें घांसल्यावर त्यावर ठोकलेलीं चार इंग्रजी अक्षरें दिसूं लागलीं: जी. आय. पी. आर. बत्तीच्या कांचेवरही पूर्वीं कांहीं लिहिलेलें असावें. पण आतां त्यांतील फक्त एक दोनाचा आंकडा वाचतां येत होता. त्याच्या पुढचें सर्व पुसलें गेलें होतें.

या पुसलेल्या जागेनें आम्हांस पुढें महिनाभर पुरलें. दोनाचा आंकडा हा पुष्कळ गोष्टींचा आरंभ असूं शकतो. तो २४ व्होल्टांचा असेल, २५ वॅटचा असेल, २२०चा किंवा २३०चाही असेल. आमच्या पुतण्यानें तर ती बत्ती तेथल्या तेथें काढून ओटीवरच्या होल्डरांत बसविण्यासाठीं हात उचललाच होता. बत्तीच्या दोन खिट्या घरच्या होल्डरांत बिनतक्रार बसल्या असत्या. धोका होता तो तेथेंच. घरांतील वीज २३० व्होल्टांची. बत्ती जर कमी दाबाची असती तर डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत तिच्यांतील तार जळून गेली असती, आणि ज्या एका साक्षीदारास आम्हांला प्रश्न विचारावयाचे होते त्याचें तोंड कायमचें बंद झालें असतें. पुतण्यास आम्ही जोरानें ओरडलों. तो अजून त्याबद्दल रुसलेला आहे.

घरांत या दिव्याबद्दल मतें तीन होतीं. आमचे आजोबा मुंबईस रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांच्या दिवाबत्तीच्या कामावर होते, एवढें सर्वांस मान्य. आमच्या वडील बंधूंचें म्हणणें असें कीं, हा दिवा ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत जी पहिली विजेची गाडी धांवली तिच्यांतील आहे. पुतण्याचा तर्क, दिवा मुंबईचा नसून घाटावरचा, कोल्हापूरच्या गाडीचा. कारण पालीहून कोल्हापुरास सरळ रस्ता आहे. आणि तिसरें मत आमच्या आत्याचें. तिनें नव्वदी ओलांडली आहे. ती म्हणे, "बाबांनीं हा दिवा एका दिवाळींत अंगणांत लावला होता. चार काळ्या पेट्या मांडल्या, तारा जोडल्या, आणि अंगणांत चांदणें पडलें." हें सांगतांना ती हात असे पसरी कीं, जणूं तें चांदणें अजून तेथें आहे. तिचें बाळपण १९४० च्या आगेंमागेंचें. त्या वेळीं पालीस वीज कोठली? कोयनेची वीज तोंपर्यंत आली नव्हती. तेव्हां आत्याची ही गोष्ट घरांतील सर्वजण हांसून सोडून देत. आम्हीही देत असूं. किंबहुना इतिहासाचे अध्यापक म्हणून, वृद्धांच्या आठवणी किती बेभरंवशाच्या असतात याचें उदाहरण म्हणून आम्ही ती वर्गांत एकदोनदां सांगितलीही आहे.

प्रथम अक्षरांचा पुरावा घेऊं. जी. आय. पी. आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास गाडी नेणारी ती हीच कंपनी. तिचा कारभार १ जुलै १९२५ पासून सरकारनें आपल्या हातीं घेतला. पण नांव राहिलें, तें ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य रेल्वे अस्तित्वांत येईपर्यंत. यावरून दिव्याची खालची मर्यादा ठरली. त्यानंतर असें कडें कोणी ठोकून घेतलें नसतें. पुतण्याचा तर्कही येथेंच मावळला. मिरज-कोल्हापूर हा फांटा १८९१ मध्यें सुरू झाला, तो मीटर मापाचा, व त्यावरील गाड्या सदर्न मराठा रेल्वेच्या, १९०८ नंतर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या. रुंद रुळांवरील जी. आय. पी. चा डबा त्या रुळांवर उभा राहणें शक्य नाहीं, मग त्यांतील दिवा कोठून जाणार?

दुसरा पुरावा टोपणाचा, आणि तो आम्हांस अधिक बोलका वाटला. टोपणाच्या माथ्यावर बारीक भोकांचें एक वर्तुळ आहे, आणि तें आंतून पत्र्याची चकती डांख देऊन बंद केलेलें आहे. विजेच्या बत्तीस धूर नसतो. तिला धुराडें कशाला लागतें? म्हणजे हें टोपण मुळांत ज्योतीच्या दिव्यासाठीं घडविलेलें, आणि वीज त्यांत मागाहून शिरली. एकाच वस्तूंत दोन युगें एकावर एक बसलीं आहेत.

तीं युगें वाचकांस थोडक्यांत सांगणें जरूर आहे, कारण डब्यांतील उजेड हा आपण आतां इतका गृहीत धरला आहे कीं, तो कोणी मिळविला याची कल्पनाही आपणांस राहिली नाहीं. आरंभीं डब्यांत तेलाचे दिवे असत. विलायतेंतील रीत अशी कीं, सांजवेळीं स्टेशनावरचा दिवेवाला डब्याच्या टपावर चढून, तेथल्या भोंकांतून पेटलेला दिवा आंत उतरवी. आपल्याकडे रेल्वेच्या दिव्यांत एरंडेल पुष्कळ जळत असे. मागाहून राकेल आलें. तेलानंतर वायूची पाळी. बर्लिनच्या ज्युलियस पिंट्श यांनीं तेलापासून काढलेला वायु दाबून डब्याखालच्या नळकांड्यांत भरण्याची युक्ति १८७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणली आणि ती जगभर पसरली. उजेड वाढला, पण लांकडी डब्याच्या पोटाखालीं जळाऊ वायूचीं नळकांडीं बांधून वेगानें धांवणें ही काय चीज आहे, हें १९१५ च्या मे महिन्यांत स्कॉटलंडांतील क्विन्टिन्सहिल येथें दिसलें. तेथें गाड्या एकमेकींवर आदळल्या, वायूनें पेट घेतला, आणि दोनशेंहून अधिक माणसें, त्यांत बहुतेक युद्धावर निघालेले सैनिक, प्राणांस मुकलीं. वायूच्या दिव्याविरुद्ध यापुढें निराळा युक्तिवाद करण्याची गरज राहिली नाहीं.

वीज मात्र त्याआधींच डब्याच्या दाराशीं येऊन उभी होती. १८८१ मध्यें लंडन-ब्रायटन मार्गावर एक पुलमन डबा विद्युत्संचायकांवर, म्हणजे आपण ज्यास बॅटरी म्हणतों त्यांवर, उजळून दाखविण्यांत आला. पण बॅटरी रोज उतरवून भरावयाची ही मोठी यातायात. ती टळली डब्याच्या आंसावर पट्ट्यानें फिरणाऱ्या डायनामोमुळें. या कामीं लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील जे. स्टोन कंपनीचें नांव विशेष. गाडी कधीं मंद, कधीं जलद. मग विजेचा दाब एकसारखा कसा राहणार? स्टोन यांची तोड इतकी साधी आहे कीं, ती प्रथम कळली तेव्हां आम्हांस हंसूं आलें. त्यांनीं डायनामो डब्याखालीं तिरपा लोंबकळत ठेवला. गाडी ठराविक वेगापलीकडे गेली, कीं पट्ट्याची ओढ वाढून डायनामो किंचित् जवळ खेंचला जाई आणि पट्टा घसरूं लागे. डायनामोचा वेग तेथेंच थांबे. पट्टा घसरणें हा इतर यंत्रांत दोष, तो येथें गुण झाला. वेग कमी होतांच एक खटका डायनामोस वेगळा करी, आणि दिवे बॅटरीवर जळत राहत. गाडी स्टेशनांत उभी असतांनाही उजेड राहतो तो यामुळें. हिंदुस्थानांत डब्यांत विजेचे दिवे नेमानें बसविण्याचा पहिला मान जोधपूर रेल्वेस देतात. तें साल १९०२.

आतां दाबाची गोष्ट. शिशाच्या बॅटरीचा एकेक घट दोन व्होल्टांचा असतो. त्यांत मनुष्याच्या इच्छेस वाव नाहीं, तो रसायनाचा नियम आहे. डब्याखालीं असे बारा घट ओळीनें जोडीत. बारा दुणे चोवीस. आपल्याकडील डब्यांतून २४ व्होल्ट हाच दाब दीर्घकाळ रूढ होता. पंखे, नळीचे दिवे यांचा भार वाढल्यावर पुढें ११० व्होल्ट आले. अमेरिकेंत निराळा रिवाज. तेथील एंजिनांच्या कपाळावरचे दिवे ३२ व्होल्टांचे असत.

वडील बंधूंस हें पटेना. त्यांचा प्रश्न असा, कीं १९२५ च्या गाडीच्या माथ्यावरील तारेंत जर १५०० व्होल्ट होते, तर दिवा चोवीसांचा कसा? प्रश्न चुकीचा नाहीं. तारेंतील १५०० व्होल्ट मोटारींसाठीं. ते सरळ बत्तीस देतां येत नाहींत, मध्यें दाब उतरविण्याची सोय करावी लागते. पण मुख्य अडचण निराळी होती. विजेवर चालण्यासाठींच ज्या गाड्या नव्यानें बांधल्या, त्यांच्या दिव्यांस धुराचीं भोकें कोण पाडील? हें टोपण त्या गाडीहून जुनें आहे, आणि जुन्याच एखाद्या डब्यांत, वीज आल्यावर, दुरुस्त होऊन पुन्हां बसलेलें आहे. बंधूंनीं यावर, "ठीक आहे, पण तारीख चांगली होती," एवढेंच म्हटलें. आम्हांसही ती सोडतांना वाईट वाटलें. कुटुंबांतील वस्तूस मोठी तारीख चिकटलेली असावी ही इच्छा सर्वांनाच असते, आणि इतिहासाच्या मास्तरांस ती नसते असें कोणीं समजूं नये.

येथवर झालें तें तर्काचें काम. पण बत्ती कितीची, हें तर्कानें सांगणें आणि तीस वीज देणें यांत अंतर आहे. आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे एक सहाध्यापक रविवारीं आपला मल्टिमीटर घेऊन पालीस आले. त्यांनीं प्रथम भिंगांतून तार पाहिली. जुन्या कार्बनी बत्तीची तार जाड केंसाच्या आंकड्यासारखी असते. ही तशी नव्हती, ही टंग्स्टनची, आणि घरगुती बत्तीच्या मानानें आंखूड व ठसठशीत. कमी दाबाच्या बत्तीस अशीच तार लागते, आणि गाडीचे हिसके सोसण्यासही ती बरी. मग त्यांनीं तारेचा रोध मोजला. कांटा नव्हे, आंकडे दाखविणारें तें यंत्र, त्यानें २.० ओहम दाखविले. त्यांनीं यंत्राचीं दोन टोकें एकमेकांस लावलीं तों ०.३ आले, तो रोध यंत्राच्या दोऱ्यांचा. वजा जातां बत्तीचा १.७.

यावरून दाब कसा निघतो तें पाहण्यासारखें आहे. टंग्स्टन तापला म्हणजे त्याचा रोध थंड असतांनाच्या बारा ते पंधरा पट होतो. मध्यम तेरा पट धरली, तर जळत असतांना या तारेचा रोध सुमारें २२ ओहम. आतां दाबाचा वर्ग करून त्यास २२ नीं भागलें कीं वॅट निघतात. दाब २३० धरा. २४०० वॅट येतात. एवढ्याशा कांचेच्या फुग्यांत २४०० वॅट, म्हणजे लहान भट्टीच! ११० धरला तर ५५०, तेंही अशक्य. ३२ धरला तर ४७ च्या आंत, २४ धरला तर २६, आणि १२ धरला तर साडेसहा. मोठे दाब एका फटक्यासरशीं गळाले. पुतण्याकडे आम्ही मुद्दाम पाहिलें नाहीं.

राहिले तीन. बत्तीवरचा आंकडा दोनाचा असल्यानें बत्तिसांचा पक्ष दुबळा, आणि २४ व्होल्ट, २५ वॅट हें जोडपें हिशेबास नेमकें जुळणारें. तरी बारांची शंका उरते, कारण तो दोन वॅटविषयींचाही असूं शकेल. ती शंका जाळूनच फिटणार होती. सहाध्यापकांनीं धोरण सांगितलें तें असें: खालून वर चढावें. बत्तीचें आयुष्य दाबास फार हळवें असतें. दाब शेंकडा पांच वाढला तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें, आणि उलट दाब शेंकडा दहा उतरला तर तें चौपट होतें, उजेड मात्र तीन-दशांशच घटतो. म्हातारी बत्ती पूर्ण दाबावर लावण्याचा हट्ट कोणीं धरूं नये.

तिन्हीसांजेस ओटीवर दिवा मांडला. पुतण्याच्या मोटारीची १२ व्होल्टांची बॅटरी आणली, तिच्या तारा जोडल्या. आंतील तार नारिंगी झाली, निखाऱ्याहून थोडी बरी, आणि तशीच राहिली. बारांची बत्ती बारांवर पांढुरकी पेटली असती. तो पक्षही संपला. मग शेजाऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलीची ६ व्होल्टांची बॅटरी ओळीनें जोडली, १८ झाले, आणि घुमटाच्या जाड कांचेंतून पिंवळा, स्थिर उजेड ओटीच्या खांबांपर्यंत पोंचला. पूर्ण उजेडाचा तो तिसऱ्या हिश्शाहून थोडासाच अधिक. पुढें जाण्याचें कारण नव्हतें. पुतण्यानें "चोवीस करून पाहूं" असें म्हटलें. आम्ही नको म्हटलें. ही रंगाची व हिशेबाची साक्ष सहाध्यापकांस पुरेशी वाटली. त्यांनीं कागदावर २४ लिहून त्याखालीं रेघ ओढली.

आत्यास खुर्चींत बसवून ओटीवर आणलें होतें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "हा असा पिंवळा नव्हता रे. बाबांचा पांढरा होता."

आम्ही हंसणार तोंच सहाध्यापकांनीं तिच्याजवळ पाट ओढला. त्यांना ही गोष्ट पूर्वीं कोणीं सांगितलेली नव्हती. त्यांनीं विचारलें, "आजी, तो कशावर लावला होता?"

"पेट्यांवर. चार पेट्या. तिठ्यावर मोटारी राहत ना रात्रीच्या, त्यांच्या. मोटारवाले बाबांकडे त्या दुरुस्तीस आणीत."

"पेट्यांना वर बुचें होतीं का? किती, आठवतें?"

येथें आम्ही मान्य करतों कीं, हा प्रश्न विचारण्याचें आम्हांस उभ्या जन्मांत सुचलें नव्हतें. आत्यानें क्षणाचाही विलंब न लावतां बोटें मोडलीं. "एकेकीला तीन. मीच पाणी घातलें होतें त्यांत, पागोळीचें धरून ठेवलेलें. बाबा म्हणाले, मोजून घाल, सांडूं नको. बारा भोकें होतीं."

त्या काळच्या अमेरिकन मोटारींत सहा व्होल्टांची बॅटरी असे; तिला घट तीन, बुचें तीन. चार पेट्यांचे घट बारा, आणि बारा दुणे चोवीस. डब्याखालीं जी मांडणी असते तीच आजोबांनीं आमच्या अंगणांत मांडली होती, आणि पूर्ण दाबावर. म्हणून त्यांचा उजेड पांढरा होता आणि आमचा पिंवळा.

सहाध्यापकांनीं कागदावरील २४ च्या शेजारीं ४ × ३ × २ असें लिहिलें आणि कागद आत्याच्या हातीं दिला. तिला तें वाचतां येईना. चष्मा आंत राहिला होता. पुतण्या तो आणावयास गेला, आणि परत येतांना, न सांगतां, दुसरी मोटारीची बॅटरी घेऊन आला. या वेळीं आम्ही त्यास ओरडलों नाहीं. दोन्ही बारांच्या बॅटऱ्या ओळीनें जोडून त्यानें दिवा लावला, आणि आत्यानें "हां, असा," म्हणेपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आंतच, तारा सोडविल्या.